वाळत घातलेले हुकूम

या सोसायटीचा एक नियम आहे. पुढच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत. भाचीनं तो मला तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या दिवशीच सांगितला, कारण आंघोळ उरकून मी ओला पंचा हातात घेऊन त्याच बाजूला निघाले होते. "मावशी, तिकडं नाही हं. बिल्डिंग वाईट दिसते म्हणे," ती म्हणाली. मी पंचा तसाच हातात धरून गॅलरीत उभी राहिले आणि खाली पाहिलं. खाली गाड्या. पांढऱ्या, करड्या, परत पांढऱ्या, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. आत ताई आचाऱ्याला बजावत होती की तिनं सांगितल्याशिवाय वरणाला फोडणी घालायची नाही. तो आवाज ऐकला आणि मला हसूच फुटलं. जिथं त्या गाड्या उभ्या होत्या, तिथं एके काळी तिची फौज उभी असायची.

इथं तेव्हा कंपनीची कॉलनी होती. समोरासमोर दोन लांबट दुमजली इमारती, मध्ये मुरमाचं मैदान, आणि मैदान संपलं की थेट चिंचवडगावापर्यंत ज्वारी. साठ-सत्तरच्या आगेमागचे दिवस. कुणी साताऱ्याचं, कुणी नगरचं, कुणी कोकणातलं, सगळी कारखान्याच्या पगारावर इथं येऊन पडलेली घरं. वडील प्रेस शॉपमध्ये होते. संध्याकाळी आधी मशिनीवर ओतायच्या कूलंटचा तेलकट वास घरात यायचा आणि मागून वडील. वारा फिरला की औषधांच्या कारखान्याकडचा आंबूस वास यायचा, आणि पाहुणे नाक धरायचे. आम्हाला तो वास आला नाही तरच चुकल्यासारखं व्हायचं. आणि या सगळ्यावर भोंगे. आमच्या भिंतीवर घड्याळ होतं, पण आईचा विश्वास भोंग्यावर. तिचा भात भोंग्याला चढायचा आणि भोंग्याला उतरायचा.

कॉलनीची एक रीत होती. ज्या घरात रातपाळी चालू असेल त्या घराच्या कडीला चिंधी बांधलेली असायची. चिंधी दिसली की कडी वाजवायची नाही, जिन्यात धावायचं नाही आणि मैदानात ओरडायचं तर मुळीच नाही, कारण आत कुणीतरी रात्रभर मशीनपुढं उभं राहून आता कुठं झोपलेलं असतं. कुठल्या ना कुठल्या दाराला चिंधी असायचीच. त्यामुळं आमच्या कॉलनीतली मुलं भांडायचीसुद्धा कुजबुजत. गावाकडचे पाहुणे म्हणायचे, काय गुणी पोरं आहेत! आम्ही तेव्हा एकमेकांना चिमटे काढत असायचो.

लढाई ताईनं काढली. दिवाळीच्या किल्ल्यावर ठेवलेले मातीचे मावळे दिवाळी सरली की वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जायचे. ताईला ते पटेना. "वर्षभर झोपायला ते काय रातपाळी करून आलेत?" असं म्हणून तिनं ते जेवणाच्या टेबलावर मांडले. ते टेबलही मशिनीच्या खोक्याच्या फळ्यांचं, वडिलांनी ठोकलेलं. एका कडेला काळ्या शाईत बाण आणि फुटका पेला छापलेला. त्या पेल्यापाशी तिनं तिची राजधानी केली. उपड्या वाट्या म्हणजे डोंगर. निळी रिबन म्हणजे नदी. पायदळाची चाल एक वीत, घोडेस्वाराची दोन, आणि वीत ताईची, कारण खेळ तिचा. दोन सैन्यं भिडली की कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके समोरचे गडी आडवे.

समोर असायचा रशीद. त्याच्या वडिलांचं मोठ्या रस्त्याला गॅरेज होतं आणि मागं भंगाराचं आवार. तो ताईच्याच शाळेत, तिच्या एक वर्ष मागं, आणि तिला नलूताई म्हणायचा. त्याच्याकडं एक हत्ती होता, सोंडेचा अर्धा भाग उडालेला. तो हत्ती वाचवायच्या नादात तो हमखास हरायचा. "नलूताई, घोडे सगळे घ्या, पण हत्तीला सोडा ना," असं तो खरोखर काकुळतीला येऊन म्हणायचा, आणि ताई हत्ती तेवढा घ्यायची. टेबलावर तिला सगळं दिसायचं. सगळ्यांपर्यंत हात पोचायचा. जीभ दातांत धरून ती टेबलभर ओणवायची तेव्हा तिची वेणी पुढं येऊन नदीत पडायची, आणि ती झटकून मागं टाकताना दोनचार मावळे आपोआप मरायचे. ते मेलेले धरायचे की नाही यावरून केवढी भांडणं व्हायची! सगळी कुजबुजत.

हळूहळू बातमी पसरली. गावातला दत्तू त्याचे मावळे टोपलीत घेऊन आला. त्याच्या घराशेजारीच कुंभारवाडा, त्यामुळं त्याची फौज आमच्या दुप्पट. मग समोरच्या इमारतीतली मुलं आली. टेबल पुरेना. मावळे कॉटवर चढले, खिडकीत बसले, एक तुकडी स्टोव्हमागं दबा धरून राहिली. एके दिवशी आई पोळ्या लाटायला बसली तर पोळपाटावर घोडा.

"उचला हे सगळं," आई म्हणाली. "खाली एवढं मैदान पडलंय, तिथं काय ते राज्य करा."

म्हणून आम्ही खाली उतरलो, आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. मैदानात वीतभर चालीनं सैन्यं सरकवायची म्हणजे काय! दुपारभर आम्ही उकिडवे बसून विती मोजत होतो. दिवे लागले तरी दोन्ही फौजा एकमेकींपासून इतक्या लांब होत्या की जाऊन हाक मारावी लागली असती. दत्तू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "नलूताई, ह्यो खेळ न्हाई, ही नांगरट हाय."

पुढचे दोन दिवस ताई भात कालवता कालवता थांबायची. मग तिनं तिसऱ्या दिवशी सगळा खेळ नव्यानं लावला. रशीदनं आवारातून पत्र्याचे चौकोनी तुकडे आणले आणि चकत्या आणल्या. प्रेसमध्ये पत्र्याला भोक पाडलं की जी गोल चकती खाली गळून पडते ती; त्याच्या वडिलांकडं त्यांचे ढीग असायचे, तेलकट आणि उन्हात चमकणारे. आता प्रत्येक पत्र्यावर एकच मावळा उभा राहिला आणि त्याच्या पायाशी चकत्यांची चवड. मावळा एकटा नव्हता, ते एक पथक होतं, आणि एकेक चकती म्हणजे त्यातली माणसं. पथक सरकवायचं म्हणजे पत्रा सरकवायचा. कवड्या उताण्या पडल्या की चकत्या उचलायच्या, चवड संपली की मावळा आडवा. वितीच्या जागी काठी आली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ताईनं फौज वाटून दिली. डावी फळी मला, उजवी दत्तूला, मधली तिच्याकडं. मी अकरा वर्षांची होते आणि डाव्या फळीची मालकीण होते. त्यानंतर मी पुष्कळ हुद्दे पाहिले, पण तो हुद्दा काही वेगळाच होता.

एका काठीत आता पथक कुठल्या कुठं जायचं. मैदानाच्या टोकाला बुजलेली विहीर होती, बांधकामातून उरलेला मुरमाचा ढीग होता. ते आता गड झाले, खिंडी झाल्या. पत्रे सरकताना खरखर आवाज यायचा, आणि तो आवाज मला अजून कुठंही रस्त्याच्या कामापाशी ऐकू आला की मी थांबून मागं वळून बघते.

हे एक हिवाळाभर चाललं. दुसऱ्या दिवाळीला ताईला खाली जायची बंदी झाली.

खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकू आईला काहीतरी बोलल्या होत्या. एवढी वाढलेली मुलगी मैदानात पोरांच्यात उकिडवी बसते, असं काहीतरी. आईनं ते ऐकून घेतलं, वर आली, आणि ताईला म्हणाली, "आता पुरे. घरात काय खेळायचं ते खेळ." ताई रडली नाही. भांडलीही नाही. पण तिनं त्या दिवशी टेबलाकडं असं पाहिलं की मला कळलं, ते आता तिला पुरणार नव्हतं. खेळ तिनं एवढा वाढवला होता, आणि तोच तिच्या हातून चालला होता. खाली रशीद आणि दत्तू काठ्या घेऊन थांबले होते आणि वर बघत होते.

पहिल्यांदा तिनं माझ्याकरवी हुकूम पाठवून पाहिले. ती गॅलरीत तांदूळ निवडत बसायची, वरून बघायची, मला कानात सांगायची, आणि मी जिना उतरायची, तोही न धावता. "दत्तूला सांग, दोन काठ्या पुढं." मी खाली पोचेपर्यंत दत्तूपुढचा शत्रू निघून गेलेला असायचा. दत्तू वैतागायचा. "तुजी बहीण कालची लढाई लढतीया," तो म्हणायचा. ओरडून सांगायची तर सोय नव्हती. त्या आठवड्यात आमच्याच कडीला चिंधी होती.

मग तिला दोरी सुचली.

गॅलरीत कपड्यांची दोरी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कपडे वाळत घालायला मुलगी गॅलरीत आली तर कुणाला काय वाटणार? जिन्याकडचं टोक माझं, दुसरं दत्तूचं, मधलं मधल्या फळीचं. ती आता आम्ही दोघं मिळून सरकवायचो. पंचा म्हणजे पुढं. उशीचा अभ्रा म्हणजे आहे तिथं पाय रोवून राहा. चादर म्हणजे मागं या. बस्स, तीनच हुकूम. किती काठ्या, कुठल्या बाजूनं, ते ज्याचं त्यानं बघायचं. आणि गंमत अशी की लढाई एकदम चांगली व्हायला लागली. टेबलावर ती एकेका मावळ्याला बोटानं धरून न्यायची; आता ती फक्त काय हवं ते सांगायची आणि आम्ही ते आमच्या अकलेनं करायचो. माझी अक्कल तेव्हा वाढली असेल तर ती त्या दोरीखाली.

"आज एवढे पंचे कुठून निघाले गं धुवायला?" आई विचारायची.

"मळतात," ताई म्हणायची.

वडिलांचा धुतलेला पंचा ती पुन्हा भिजवायची. त्या हिवाळ्यात आमच्या घरासारखं स्वच्छ घर कॉलनीत दुसरं नसेल. सावंतकाकूच आईला म्हणाल्या, मुलगी कामाला लागली हो तुमची! रशीदला ही भाषा कळत नव्हती असं मला आता वाटत नाही. तो आमच्या गॅलरीकडं तोंड करूनच उभा असायचा. पण त्यानं कधी वर पाहिलं नाही, आणि चुकून पाहिलंच तर लगेच मान खाली घालून चकत्या सारख्या करत बसायचा. तो हरत राहिला आणि येत राहिला.

आणखी एक खूण होती, ती ताईनं अगदी शेवटासाठी राखून ठेवली होती. दोरी रिकामी दिसली की सगळ्यांनी सगळीकडून तुटून पडायचं. मग मागं वळून बघायचं नाही.

त्या हिवाळ्यातल्या सगळ्यांत मोठ्या लढाईला दोन्ही इमारती आणि गाव मिळून जेवढे मावळे होते तेवढे उतरले होते. सगळं मैदान पत्र्यांनी चमकत होतं. हरलेल्या बाजूनं उरलेला हिवाळाभर दुसऱ्या बाजूचं मांडलिक राहायचं, असं ठरलं होतं, आणि आम्हाला ते अगदी खरं वाटत होतं. ताई सकाळपासून जेवली नव्हती. माझ्या टोकाला अभ्रा होता आणि मी पाय रोवून विहिरीपाशी उभी होते. रशीदचे घोडे समोर, पण ताई थांबली होती, तो ढिगावरून खाली उतरण्याची वाट बघत. तेवढ्यात वारा फिरला.

बॉयलरच्या धुराड्याची काजळी आमच्याकडं यायची ती अशीच, न सांगता. काळे बारीक कण तरंगत यायचे आणि पांढऱ्या कपड्यावर बसले की जन्मात निघायचे नाहीत. "काजळी आली!" एवढं कुणी हलक्या आवाजात म्हटलं की कॉलनीतल्या बायका पटापट गॅलरीत येऊन दोऱ्या मोकळ्या करायच्या. त्या दिवशी ताई अभ्रा नीट करायला वाकली होती तोवर आई बाहेर आली आणि तिनं एका फेरीत अख्खी दोरी ओढून काढली.

मी वर पाहिलं. दोरी रिकामी.

मी तुटून पडले. दत्तू तुटून पडला. विहीर सोडली, खिंड सोडली, सगळे पत्रे खरखरत पुढं, आणि ढिगावर बसलेला रशीद आमच्याकडं नुसता बघत राहिला, कारण आम्ही असं का करतोय हे त्याला कळेना. मग त्यानं कवड्या घेतल्या. दिवे लागायच्या आत आमच्याकडं चकतीसुद्धा उरली नाही.

वर आले तर ताई घडी न घातलेल्या कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडत होती. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आई बावरून विचारत होती, काय झालं, कुणी काय बोललं का. ताई काही सांगेना, म्हणून मीच सगळं सांगून टाकलं. पंचा, अभ्रा, चादर, रिकामी दोरी. आई ऐकता ऐकता आधी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, वडील झोपलेत म्हणून आवाज दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हळूहळू तिचं हसू थांबलं. तिच्या हातात अभ्रा होता, तो ती उलटासुलटा करून बघत राहिली.

"म्हणजे तुझी लढाई मी घालवली," ती म्हणाली.

"तुला काय माहीत होतं," ताई ढिगातूनच म्हणाली.

"तू इतके दिवस इथं उभी राहून हे करत होतीस?"

  त्या रात्री आईनं आमटीत मीठ दोनदा घातलं आणि वडिलांनी निमूटपणे खाल्लं.

"काय गं, इथं काय करतेस एकटी?" वास्तुशांतीच्या गडबडीतून ताई आता गॅलरीत आली. हाताला हळद, पदर खोचलेला. मी म्हटलं, विहीर कुठं होती ते बघतेय. तिनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "ती शेवटची करडी गाडी दिसते ना, तिच्या डाव्या अंगाला. तू ती सोडायला नको होतीस," असं म्हणून ती परत आत गेली. मनात आलं, आईनं ही जागा आता पाहायला हवी होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

त्या हरलेल्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं ताईची वेणी स्वतः घातली, घट्ट. "जा खाली," ती म्हणाली. "त्यांना म्हणावं, कालची लढाई धरायची नाही. ती आमच्या आईनं घालवली. पुन्हा मांडा."

ताईला खरं वाटेना. "आणि सावंतकाकू?"

"मी गॅलरीत बसते. कुणाला काही बोलायचं असेल तर माझ्याशी बोलतील."

आणि ती खरंच बसली. तांदळाचं सूप मांडीवर घेऊन, तोंड मैदानाकडं करून. सावंतकाकू दारात आल्या, वर बघितलं, आणि आत गेल्या. पुढं मी त्या वयाची झाले तेव्हा मला कुणी 'आता खाली जायचं नाही' असं म्हटलंच नाही. मला वाटायचं, ते आपोआप झालं. आता कळतं, त्या दुपारी आई माझ्याही वाटणीची बसली होती.

ताई परकर खोचून मैदानात आली तेव्हा दत्तू म्हणाला, "आत्ता बरं वाटतंय बघ. वरनं कुनी लढाई करतं व्हय?" रशीद उठून उभा राहिला. कालचा विजय असा धुऊन निघाल्याचं त्याला काहीच वाटलं नसावं. त्यानं आपण होऊन पत्रे मागं नेऊन मांडले. "आज दया नाही हं, नलूताई," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा फुलला होता.

आणि ताई काय वाईट खेळली! मधली फळी हातात आली आणि तिला दुसरं काही सुचेना. ती उकिडवी बसली, जीभ दातांत धरली आणि एकेक पत्रा स्वतः सरकवायला लागली, कवड्या स्वतः टाकायला लागली, उताण्या पडल्या की टाळी वाजवायची आणि मग रातपाळी आठवून हात तोंडावर धरायची. मी डाव्या टोकाला काठी घेऊन हुकमाची वाट बघत होते. दत्तू उजवीकडं वाट बघत होता. तिला आम्ही आहोत हेच आठवत नव्हतं. ढिगाच्या मागून रशीदचे घोडे कधी आले ते तिला दिसलंच नाही. दिसलं तेव्हा हत्ती तिच्या मधल्या फळीच्या पाठीशी उभा होता, अर्ध्या सोंडेचा.

आम्ही वर आलो. ताईचे पाय पोटऱ्यांपर्यंत मुरमानं लाल झाले होते. आई सूप बाजूला ठेवून उठली आणि तिला मोरीत घेऊन गेली.

"जिंकलीस?"

"हरले."

"मग एवढी हसतेस काय?"

"आई, खालून काही म्हणजे काही दिसत नाही गं," ताई म्हणाली. तिचं हसू थांबतच नव्हतं. "रशीद ढिगामागून आला. तुला वरून दिसला असेल की! काहीतरी खूण करायची नाही का?"

"मी कुठं लढाई बघत होते," आई म्हणाली. "मी तुला बघत होते."

आणि तिनं तांब्याभर पाणी ताईच्या पायांवर ओतलं.